आयर्लंडचं राष्ट्रगीत लिहिणारा माणूस खरंच रंगारी होता का?

हो, पीडर कर्नी डब्लिनमध्ये घरं रंगवायचा आणि 1942 मध्ये गेला तेव्हाही परिस्थिती बेताचीच होती. 'सोल्जर्स साँग' म्हणजेच हे राष्ट्रगीत, शब्द त्याचे, चाल पॅट्रिक हीनीची, 1912 ला ते छापून आलं. आणि हा नुसता गाणी लिहून घरी बसणाऱ्यातला नव्हता, 1916 च्या ईस्टर उठावाच्या (ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयरिश बंडाच्या) वेळी डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटर या नाट्यसंस्थेच्या मंडळींबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होता तो दौरा अर्धवट टाकून परत आला, जेकब्ज बिस्किट फॅक्टरीतल्या बंडखोरांच्या तुकडीत उभा राहिला आणि पकडापकडीच्या आधी सटकला (पुढे 1920 ला मात्र सापडलाच, ब्रिटिशांनी बॅलिकिनलरच्या कैद्यांच्या छावणीत डांबलं). 1926 ला आयरिश सरकारने त्याचं गाणं राष्ट्रगीत केलं पण पैसे लगेच नाही मिळाले, 1930 च्या दशकात 1200 पौंडांना कॉपीराइट घेतला, त्यातही हीनीच्या घरच्यांचा वाटा. फक्त एक गोष्ट, आज मॅचच्या आधी जे आयरिश शब्द ऐकू येतात ते कर्नीचे नाहीत, त्याने इंग्रजीत लिहिलं होतं, आयरिश भाषांतर लियम ओ रिनचं. लेखक ब्रेंडन बीहनचा हा सख्खा मामा, बीहनही रंगाऱ्याचंच काम शिकलेला!