घातांकात कुणाचा घात झालाय?

प्रश्न असा आलाय की 'एक्स्पोनेन्शिअल' आणि 'लॉगरिदम'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं, आणि घातांकातला 'घात' हा विश्वासघातातलाच का.

एक्स्पोनेन्शिअलचं आधी उरकतो, कारण ऐकून ऐकून कान किटलेत. ट्रॅफिक एक्स्पोनेन्शिअली वाढलं म्हणे, टोमॅटो एक्स्पोनेन्शिअली महागले म्हणे. अहो, 'लई' म्हणा की सरळ, काय वाईट आहे त्यात! दरवर्षी 5,000 रुपयांनी वाढणारा पगार एक्स्पोनेन्शिअल नाही, आणि वर्षाला जेमतेम 1 टक्का वाढणारी लोकसंख्या, जिला दुप्पट व्हायला 70 वर्षं लागतात, ती आहे. वेगाचा संबंधच नाही, जेवढं आहे त्याच्या प्रमाणात बदलतंय का एवढंच बघायचं. घटलं तरी चालतं, थायरॉइडच्या उपचारात देतात ते आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं, तेही त्यातलंच. मराठीत याला चक्रवाढ म्हणा, सावकाराने आपल्याला हा शब्द शाळेच्या आधीच शिकवलाय. घटण्यासाठी तो चालत नाही हे मान्य, तिथे 'घातांकी' म्हणा.

आता घात. हो, तोच तो, विश्वासघातातलाच, धातू 'हन्'. पण मजा पुढे आहे. संस्कृत गणितात गुणाकारालाच हनन, वध, घात म्हणायचे. भास्कराचार्यांची लीलावती (साल 1150) उघडा, गुणाकाराचा नियमच 'गुण्यान्त्यमङ्कं गुणकेन हन्यात्' असा सुरू होतो, म्हणजे गुण्याच्या शेवटच्या अंकाला गुणकाने हाणा! वर्ग म्हणजे 'समद्विघात', सारखी संख्या दोनदा, आणि 'समत्रिघातश्च घनः प्रदिष्टः', तीनदा आली की घन. आणि हा घनसुद्धा हन् मधूनच आलाय, आणि लोहाराचा घण त्या घनातून, आणि आपलं 'हाणणे' पण त्याच धातूचं. म्हणजे दोनाचा दहावा घात 1024 म्हणताना तुम्ही दोनाला दोनाने हाणत चाललेले असता, दहा दोन एकमेकांवर आपटेपर्यंत. शाळेत पाया 2, घातांक 10 असं पाठ करून घेतात आणि यातलं अक्षरही सांगत नाहीत.

गुणाकाराला मारणं का म्हणायचं यावर भारतीय गणिताचा इतिहास लिहिणारे विभूतिभूषण दत्त आणि अवधेश नारायण सिंग यांचं म्हणणं असं, की धुळीच्या पाटीवर गुणाकार करताना गुण्याचे अंक एकेक करून पुसले जायचे, म्हणजे मारले जायचे, म्हणून हनन. सगळे डोळे मिटून हेच उतरवून काढतात. मला नाही पटत. पुसापुशी भागाकारातही होतीच, मग त्याला वध का नाही म्हटलं? त्याला भागहार, हरण, छेदन म्हटलंय. माझं मत विचाराल तर (विचारलं नाहीये, माहितीये) हन् चा इथला अर्थ ठार मारणं नाहीच, नुसतं ठोकणं, एका संख्येवर दुसरीचा आघात. मराठी माणसाला हे सांगायला लागू नये, आपण पोराला हाणतो तेव्हा खून करत नाही.

आणि छेदन लक्षात ठेवा, कारण लॉगरिदम तिथेच सापडतो. वीरसेन नावाच्या जैन आचार्यांची षट्खंडागम या जैन ग्रंथावर धवला नावाची टीका आहे, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासची, त्यात 'अर्धच्छेद' येतो: एखादी संख्या एकापर्यंत यायला किती वेळा अर्धी करावी लागते ती गणती. 1024 चे अर्धच्छेद 10. दोनाचा कितवा घात 1024 होतो ते सांगणारा आकडा, म्हणजे हा दोन पायाचा लॉगरिदम, थोडक्यात लॉग झाला, दुसरं काय! तीनासाठी त्रिकच्छेद, चारासाठी चतुर्थच्छेद, आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. ही धवला 1939 पासून छापली गेली ती कुठून, तर आपल्या अमरावतीहून, हीरालाल जैनांनी.

एवढं असताना लॉगरिदमला आपण 'लघुगणक' म्हणतो. गणक म्हणजे हिशेब करणारा, लघुगणक म्हणजे काय, बुटका कारकून? मला दाट संशय आहे की कुणीतरी 'लॉग' ऐकून 'लघु' चिकटवलं आणि गणित सोपं होतं हा अर्थ मागाहून जोडला. लॉग मोठ्या संख्येला छोटी करतो हे खरं, पण त्यानेच लोक फसतात. भूकंपाचं आणि आवाजाचं माप लॉगचंच असतं. किल्लारीचा भूकंप (1993) 6.2 आणि भूजचा (2001) 7.7, फरक दीडच, पण भूजची ऊर्जा साधारण पावणेदोनशे पट. रहिवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा 55 डेसिबल, डीजे 85 ला गेला की मंडळवाले म्हणतात तीसच तर जास्त आहे, ते तीस म्हणजे ध्वनीची तीव्रता 1000 पट! 'छेदगणती' असा शब्द असता तर निदान विचारलं तरी असतं, की किती वेळा छेदलं आणि कितीने. छेद म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा, गोंधळ होईल, असं परिभाषावाले म्हणणार. मग 'घात'ने काय कमी गोंधळ झालाय?

आणि लॉगरिदम नि अल्गोरिदम भाऊभाऊ समजणाऱ्यांनो, नाहीत ते. पहिला नेपिअर या स्कॉटिश गणितज्ञाने ग्रीक लोगोस म्हणजे इथे गुणोत्तर आणि अरिथमोस म्हणजे संख्या जोडून घडवला, त्याचं पुस्तक 1614 चं. दुसरा म्हणजे अल-ख्वारिज्मी या जुन्या गणितज्ञाच्या नावाचं लॅटिन तोंडात झालेलं रूप, त्याला अरिथमोसच्या नादाने हे शेपूट मागाहून लागलं.