पैसे भरण्याआधी माउस काढून ठेवा

पत्र : आम्ही कळव्याला राहतो. मुलगी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. तिला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांचा आजार आहे, दिव्यांगत्वाचा दाखला ७५ टक्क्यांचा. दिवसा ती कॉलेजला एकटी जाते, पण अंधार पडला की तिला काही दिसत नाही. नौपाड्यातला एक्सेलचा क्लास रात्री आठला सुटायचा. माझी शिफ्ट बदलली, तिला आणायला कुणी उरलं नाही, क्लास सोडावा लागला. आता ऑनलाइन कोर्स बघतोय. एका मोठ्या कंपनीचा डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स ५८ हजारांना आहे. त्यांचा माणूस म्हणतो, प्लॅटफॉर्म शंभर टक्के ॲक्सेसिबल आहे. साइटवर व्हीलचेअरचं चिन्हही आहे. रविवारपर्यंत भरले तर दहा हजार कमी. दुसरा एका सरांचा मराठी कोर्स आहे, त्यांच्या ॲपवर, साडेसहा हजारांत. अपंगांसाठी यातला कोणता प्लॅटफॉर्म चांगला?
– एक पालक, कळवा

नमस्कार,

रविवारपर्यंत काहीही भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. फी, सवलत, शिफ्ट, दाखल्याची टक्केवारी, सगळं त्यात आहे. फक्त तुमची लेक स्क्रीन वाचते कशी, ते नाही. अक्षरं मोठी करून? पडदा काळा आणि अक्षरं पांढरी करून? की फोनकडून वाचून घेते? हे कळल्याशिवाय तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ‘अपंगांसाठी चांगला’ असा एकच एक प्लॅटफॉर्म नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत. ज्याला ऐकू येत नाही त्याला व्हिडिओखाली शब्द हवेत, ज्याचा हात थरथरतो त्याला माउसशिवाय चालणारी बटणं हवीत, आणि तुमच्या मुलीला हवं ते या दोघांपेक्षा वेगळं.

हे मी शिकले ते एका मुलाच्या पैशांवर. काही वर्षांपूर्वी ऐरोलीहून एक मुलगा माझ्याकडे सल्ल्याला यायचा, जन्मापासून ऐकू न येणारा. एका अकाउंटिंग कोर्सच्या माहितीपत्रकात ‘सर्व व्हिडिओंना सबटायटल्स’ असं छापलं होतं. मी बेधडक हो म्हटलं. सबटायटल्स होती, पण मशीननं आपोआप केलेली. सर मराठी-इंग्रजी मिसळून शिकवायचे आणि मशीन सगळंच इंग्रजी समजायचं. ‘घसारा’ म्हटलं की खाली ‘गो सारा’ उमटायचं. बिचारा दोन आठवडे ही सारा कोण ते शोधत होता. फी परत मिळाली नाही, आणि मी तो कोर्स स्वतः पाच मिनिटंसुद्धा उघडून पाहिला नव्हता. मोठं नाव पाहून भुलायचं कारण नाही हेही सांगते: २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं ऑनलाइन व्हिडिओंच्या सबटायटल्ससाठी चक्क हार्वर्ड आणि एमआयटीवर दावे लावले होते. हार्वर्डचा दावा मिटायला २०१९ उजाडलं, एमआयटीचा २०२० मध्ये मिटला.

तेव्हापासून माझा नियम आहे. माहितीपत्रक बाजूला ठेवायचं, फुकटचा डेमो मागायचा आणि जिला शिकायचं आहे तिनं तो एक तास वापरायचा. तुम्ही नाही, तिनं. तुम्ही शेजारी बसा, पण हात मांडीवर ठेवा. बाप मदतीला धावला की चाचणी बापाची होते.

लॅपटॉपचा माउस काढून ठेवायचा, टचपॅडला बोट लावायचं नाही. फक्त कीबोर्ड. टॅबचं बटण दाबत दाबत पुढे जायचं. सुरुवात नाव नोंदवण्यापासून करा, कारण पुष्कळ गाड्या तिथेच अडतात: वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र ओळखा म्हणतात आणि आवाजाचा पर्याय नसतो, किंवा ओटीपी तीस सेकंदांत संपतो. मग एक व्हिडिओ चालू करणं, थांबवणं, दहा सेकंद मागे नेणं. मग एक नोट्सची फाइल. मग एक चाचणी सोडवून ‘सबमिट’ करणं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू असेल तर प्रत्येक बटण आपलं नाव सांगतं का ते ऐका. बांधणी चुकलेली साइट नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहते. हेच सगळं फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावून पुन्हा करा. साइट चांगली आणि ॲप भिकार, किंवा उलटं, असं सर्रास असतं.

नोट्सच्या बाबतीत मराठी मुलांना एक जादा विघ्न असतं. पीडीएफ उघडून त्यातली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ओळ निवडताच येत नसेल तर ते छापील पानाचे फोटो आहेत. ते आधी मजकुरात बदलल्याशिवाय स्क्रीन रीडर वाचणार नाही. ओळ निवडली पण पेस्ट केल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा आला, तर नोट्स युनिकोडमध्ये नाहीत, डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना ते पान स्वच्छ मराठी दिसतं, कानाला निव्वळ गोंगाट. त्या साडेसहा हजारांच्या कोर्सला हे आधी तपासा. मराठीत शिकवणारे पुष्कळ सर अजून त्याच जुन्या फाइल वाटत असतात.

आता व्हीलचेअरचं चिन्ह. त्यावर टिचकी मारली की अक्षर मोठं करा, रंग उलटे करा असली बटणं निघतात. ही सोय फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासूनच असते. बटणांना नावं नसतील, चाचणी माउसनं ओढाओढी केल्याशिवाय सुटत नसेल, तर कोपऱ्यातल्या चिन्हानं ते दुरुस्त होत नाही. सोसायटीला रॅम्प आहे आणि रॅम्पच्या तोंडाशी दोन स्कूटर लावलेल्या आहेत, तसला प्रकार. त्या माणसाला चिन्हाबद्दल विचारू नका. एवढंच विचारा: तुमचा प्लॅटफॉर्म डब्ल्यूसीएजीच्या कोणत्या आवृत्तीला, कोणत्या पातळीपर्यंत उतरतो आणि ते तपासलं कुणी? ही वेबसाइट सुगम असण्याची जागतिक नियमावली आहे. ताजी आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ ची, आणि साधारणपणे ‘डबल ए’ पातळी धरतात. ‘मॅडम, आमच्याकडे सगळं आहे’ हे उत्तर नव्हे.

प्लॅटफॉर्म उत्तम असला तरी शिकवणं सुगम असेल असं नाही, आणि इथे भले भले आपटतात. एक्सेल शिकवताना सर म्हणतात, ‘हे इथलं घ्या, इकडे टाका, बघा आलं.’ जगातला कुठलाही स्क्रीन रीडर ‘इथलं’ आणि ‘इकडे’ वाचू शकत नाही. तेच सर ‘बी दोन ते बी अकराची बेरीज बी बारामध्ये’ म्हणाले की डोळे मिटूनही कळतं. डेमोच्या व्हिडिओत मधलीच दहा मिनिटं निवडा आणि पडद्याकडे न बघता ऐका. किती समजलं?

म्हणूनच माझा कल, तुम्हाला नवल वाटेल, साडेसहा हजारांकडे आहे. ॲप तपासल्याशिवाय नाही. असली ॲप बऱ्याचदा तयार साच्यातून काढलेली असतात आणि त्यात बटणांना नावं नसतात. पण त्या सरांना फोन लागतो. ‘सर, सेलचा पत्ता बोलून सांगाल का, नोट्स युनिकोडमध्ये पाठवाल का’ हे त्यांना तुमची मुलगी स्वतः विचारू शकते, आणि ते हो म्हणाले तर पुढच्या सोमवारपासून बदल होतो. ५८ हजारांच्या कंपनीत ती तक्रार एका तिकिटाचा नंबर होऊन बसेल. सर नाही म्हणाले, तर तेही साडेसहा हजार जायच्या आधी कळेल.

कंपनीकडेच जायचं ठरलं तर कोर्सचा सविस्तर अभ्यासक्रम मागवा. डेटा ॲनालिटिक्समध्ये एक्सेलची सूत्रं आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) हा लिहिण्या-वाचण्याचा भाग आहे. स्क्रीन रीडरवर तो चांगला जमतो. रंगीत आलेख ओढून डॅशबोर्ड सजवणं हा डोळ्यांचा भाग आहे. कोर्सच्या निम्म्यात तेच असेल तर पैसे वाया. परीक्षेचंही विचारा. घरून कॅमेऱ्यासमोर घेतात त्या परीक्षेत स्क्रीन रीडरचा आवाज ‘कुणीतरी बोलतंय’ म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि काही परीक्षा-ब्राउझर स्क्रीन रीडर चालूच देत नाहीत. जादा वेळ किती? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटं आहेत. तो आकडा ईमेलमध्ये लिहून मागा. फोनवरचं ‘हो हो’ धरू नका. ‘स्क्रीन रीडरवर चाललं नाही तर इतक्या दिवसांत पूर्ण फी परत’ हेही लेखी हवं. आणि हप्त्यांनी भरणार असाल तर कागद नीट वाचा, ते बहुधा वित्तकंपनीचं कर्ज असतं. कोर्स सुटला तरी हप्ता सुटत नाही.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण निकालानं सोमवारी सकाळी बटण बोलायला लागत नाही, म्हणून चाचणी आधी.

फुकटात हात बसवायचा असेल तर केंद्र सरकारचं स्वयम् हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आहे, २०१७ पासूनचं. शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी. त्यावरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या) व्याख्यानांच्या लिखित प्रतीही मिळतात, ज्या ऐकण्यापेक्षा वाचून लवकर होतात. त्यांनाही तीच तासाभराची चाचणी लावा, सरकारी म्हणून सूट नको. आणि बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षा विसरू नका. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे.

एक अवघड गोष्ट राहिली. या आजारात नजर बहुतेकदा कडांकडून आत आवळत येते, नळीतून बघितल्यासारखी. अशा नजरेला अक्षर फार मोठं केलं की एका वेळी दोन-तीनच अक्षरं मावतात आणि वाचन उलट मंदावतं. पुढे काय आणि किती वेगानं, ते तुमचे डोळ्यांचे डॉक्टर सांगतील, प्रत्येकाचं वेगळं असतं. पण स्क्रीन रीडर शिकायला नजर जायची वाट बघायची नसते. दिसतंय तेव्हा शिकलं तर तीन-चार पट सोपं जातं, असा माझ्याकडे आलेल्या मुलांचा अनुभव. ‘तिला अजून दिसतंय, तिला आंधळ्यांचं सॉफ्टवेअर कशाला’ हे वाक्य मी नौपाड्यातल्या या खोलीत फार वेळा ऐकलंय. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, बरं केलंत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विंडोजवर मोफत आहे, मराठीही वाचतं. आवाज आधी यंत्रासारखा वाटतो, मग कान सरावतो. रीतसर शिकायचं तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे अंध आणि अल्पदृष्टी मुलांसाठीचं केंद्र आहे; कळव्याहून स्लो लोकलनं सीएसएमटी, तिथून पायी. दिवसाउजेडी परत येता येईल अशी वेळ मागून घ्या.

इथून पुढचं तुमच्या मुलीसाठी. तिला वाचून दाखवू नका, पाठवून द्या. तिचा फोन वाचेल.

बाळा, बाबांनी दोन कोर्स शोधले, पण तुला डेटा ॲनालिटिक्स हवंय का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आधी तू नौपाड्याला एक्सेल शिकत होतीस, त्यात काय आवडलं होतं? एक तासाच्या चाचणीत कुठे अडलीस ते तूच टाइप करून पाठव, चुकांसकट. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, आणि इन्सर्ट-एफसात दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी मिळते. एवढ्या दोन युक्त्यांवर पहिला आठवडा निघेल. सरांना फोन तू कर. या सगळ्याला आठ-दहा दिवस लागतील आणि तोपर्यंत रविवारची ऑफर संपेल. संपू दे. पुढच्या रविवारी दुसरी येते.