पर्वरीत हॉटेल घेतलंय, आता कॅन्सल करू का?

प्रश्न : आम्ही नाशिकचे. डिसेंबरात चार दिवस गोव्याला येतोय, मी, मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. समुद्राजवळच्या हॉटेलांचे रेट बघून डोळे पांढरे झाले म्हणून मिस्टरांनी पर्वरीला बुकिंग केलं. आता नणंद म्हणते ते मीटिंगवाल्या लोकांचं हॉटेल, बाहेर पडलं की हायवे, दुसरं काही नाही. सासूबाई शाकाहारी आहेत. कॅन्सल करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, नका करू. नणंदबाईंचं एक खरंय, हायवे आहेच, उड्डाणपुलाच्या कामापायी तिथल्या ट्रॅफिकला आम्हीपण शिव्या घालतो, त्यामुळे बुकिंगवाल्याला फोन करून मागच्या बाजूची रूम मागून घ्या, ते एवढं कराच. आणि सकाळी डोळे उघडले की समोर समुद्र हवा असा मुलाचा हट्ट असेल तर मात्र खरंच दुसरीकडे जा, कारण पर्वरीतून समुद्र दिसत नाही, नदी दिसते.

पण पर्वरी म्हणजे आम्ही राहतो ते गाव. विधानसभा इथे, हायकोर्ट इथे, गोमंतक मराठी अकादमी इथे. सकाळी उठून हायवेकडे पाठ करून आल्तो किंवा सुकूरच्या गल्लीत शिरा, सायकलवर टोपली लावून पोंपों करत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, त्याच्याकडून गरम उंडे (गोल पाव) आणि पोळी घ्या (इथे पोळी म्हणजे कोंड्याचा पाव हं, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर तुपाची वाटी घेऊन बसतील). हॉटेलचा ब्रेकफास्ट फुकट आहे म्हणून रोज तिथेच खाऊ नका. जवळच्या कुठल्यातरी साध्या हॉटेलात पातळ भाजी-पाव, मिरची भजी आणि एक बन मागवा, तो गोड केळ्याचा असतो, मुलगा दुसरा मागेल.

सासूबाईंच्या जेवणाचं टेन्शन घेऊ नका, फक्त "शिवराक मेळटा?" असं विचारायचं. शिवराक म्हणजे शाकाहारी. सोमवार-गुरुवार इथले कितीतरी मासेखाऊ लोकसुद्धा शिवराक असतात, त्यामुळे विचारलं म्हणून कोणी तोंड वाकडं करत नाही.

आता फिरायचं. एक अख्खी सकाळ तोर्ड्याला द्या, साल्वादोर दो मुंद गावात, तिथे रस्त्याच्या मधोमध बेटावर जहाजासारखी दिसणारी इमारत आहे, हाउसेस ऑफ गोवा म्युझियम, आर्किटेक्ट जेरार्ड दा कुन्हांनी उभं केलेलं. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले का लावायचे, बल्कांव (दारापुढची बसायची जागा) कशाला, हे सगळं आत कळतं आणि मग बाहेर पडलात की गल्लीतली घरं वेगळीच दिसायला लागतात. आजूबाजूला खाजन शेतं आहेत, खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेलं. ऊन वर यायच्या आत जा, दुपारी तिथे चालणं म्हणजे शिक्षा.

संध्याकाळी बेतीला उतरा, फेरीबोटीने पणजीला जा. पायी माणसाला तिकीट नाही! मुलाला क्रूझपेक्षा हीच आवडेल, बोटीतून मांडवीवरचे तिन्ही पूल दाखवा आणि ५ जुलै १९८६ ला इथला आधीचा पूल कोसळला होता ही गोष्टही सांगा, तेव्हा नवा पूल होईपर्यंत सगळी भिस्त या फेऱ्यांवरच होती. बेतीजवळच रेइश मागुशचा किल्ला, १५५१ मधला, नंतर बरीच वर्षं जेल होता, आता नीट केलाय आणि आत मारियो मिरांडांची चित्रं आहेत. किल्ला छोटा आहे, सासूबाईही वर येतील, घाई करू नका म्हणजे झालं.

अजून एक, मिस्टरांसाठी. त्याच १९८६ च्या एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी कुख्यात खुनी चार्ल्स शोभराजला पर्वरीतल्याच ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये पकडलं. पुढे तिथे शोभराजचा पुतळाही बसवला. झेंड्यांचा नाही, शोभराजचा! आता काय बोलायचं यावर.

शुक्रवार मधे येत असेल तर म्हापशाचा बाजार चुकवू नका, थिवीला ट्रेनमधून उतरून पर्वरीला येताना वाटेतच लागतो. मयड्याची केळी घ्या, आणि खोल्याची मिरची. बीच? एक संध्याकाळ कळंगुटला जाऊन या, दहा-बारा किलोमीटर आहे, पुरे होतं.

प्रश्न : पणजीजवळ हॉटेल आहे, फिरायला स्कूटर घ्यावी की टॅक्सी? ओला-उबर मिळते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ओला-उबर नाही चालत दादा, गोवा माइल्सचं अ‍ॅप टाकून घ्या. स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे नंबर असलेलीच, पांढऱ्या पाटीची कोणीतरी स्वस्तात देतो म्हणतो आणि मग नाक्यावर पोलीस थांबवतात तेव्हा तो फोन उचलत नाही, माझ्या मावसभावाचं असंच झालं. मांडवीवरच्या अटल सेतूवर स्कूटर चढवू नका, दुचाकीला बंदी आहे, खालच्या जुन्या पुलावरून या. एकटे असाल तर पायलट करा, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलची टॅक्सी, बसायच्या आधी पैसे ठरवून घ्यायचे. दिवसा बस बेस्ट, "पणजे पणजे पणजे" ओरडत कंडक्टर स्वतःच ओढून घेतो, पण आठनंतर बस कमी होतात, तेव्हा परतीचं आधीच ठरवून ठेवा.