ताऱ्यांकडे जायचंय, मग सूर्य कशाला?

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, आता बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. दूरच्या ताऱ्यांवर भडकणाऱ्या ज्वालांवर, म्हणजे तिथे अचानक होणाऱ्या ऊर्जेच्या उद्रेकांवर, तिला संशोधन करायचंय. सरांनी ‘आधी सूर्य शिक’ म्हटलं आणि ती हिरमुसली. वडील विचारतात, ‘हा वळसा नाही का? त्यापेक्षा सीईटी देऊन इंजिनिअरिंगला घालू का?’

नमस्कार. सरांचं म्हणणं अगदी योग्य आहे. तिला एवढं सांगा: प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा. तोही सव्वाचार प्रकाशवर्षं दूर, दुर्बिणीत नुसता ठिपका. ज्वाला भडकली की ठिपका काही मिनिटांत उजळतो आणि मग सावकाश मंदावतो. ती ताऱ्याच्या कुठल्या भागात उठली, कुठल्या डागाजवळ, हे दिसत नाही. सूर्यावर मात्र ते दिसतं. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचं, म्हणजे सूर्यावरच्या काळ्या डागांचं, चित्र काढत होते, तेव्हा त्या डागांवरच त्यांना ज्वाला लखलखताना दिसली.

म्हणून संशोधक एक युक्ती करतात. सूर्याचा सगळा प्रकाश एकत्र मोजायचा, जणू तोही दूरचा ठिपकाच. त्या एका आलेखावरून ज्वालेबद्दल अंदाज बांधायचा आणि मग सूर्याचं चित्र उघडून तो ताडून पाहायचा. इथे जी पद्धत टिकते, ती ताऱ्यांवर विश्वासाने वापरता येते. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल1 यानावर दोन्ही सोयी आहेत: ‘सोलेक्स’ पूर्ण सूर्याचे क्ष-किरण एकत्र मोजतं, तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण अतिनील चित्रं घेते. ही निरीक्षणं इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नाव नोंदवून मिळतात. पायथॉन ही संगणकाची भाषा शिकून एका ज्वालेचा आलेख तिने स्वतः काढावा. माझ्या मते पुस्तकी तयारीपेक्षा हे मोलाचं आहे.

अर्थात सगळे तारे सूर्यासारखे नाहीत. प्रॉक्झिमासारख्या लहान लाल ताऱ्यांची आतली रचना वेगळी. केप्लर या अंतराळातल्या दुर्बिणीला सूर्यासारख्या ताऱ्यांवरही सूर्याच्या नोंदलेल्या ज्वालांच्या दहापट आणि त्याहून मोठ्या ज्वाला सापडल्या. सूर्याचं गणित तिथे कुठपर्यंत चालतं, हाच तर जिवंत प्रश्न आहे आणि तुमच्या लेकीला तोच खुणावतोय!

आता तुमची काळजी. सीईटीचा फॉर्म जरूर भरा, पण तिचं मन भौतिकशास्त्रात असेल तर केवळ धास्तीपोटी इंजिनिअरिंगला घालू नका. आयसर या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा देशभरासाठी एकच आहे, ती द्यायला लावा. तिथे नाही जमलं तर बेळगावातच भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी करू द्या; त्यात कमीपणा काही नाही. पुढे ‘जॅम’ ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या संस्थेत एमएस्सी आणि मग पीएचडीसाठी आयुका, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था किंवा उदयपूरची सौर वेधशाळा. वाट लांबची आहे. कमाईची घाई असेल तर आत्ताच तिच्याशी मोकळेपणाने बोला. आणि सरांना विचारून तिला या सुट्टीत कॉलेजची कॉम्प्युटर लॅब वापरायला मिळते का, ते पाहा.