ग्रामपंचायतीची सांडपाण्याची पाइपलाइन वावरातून जाणार, संमतीपत्रावर सही करू का?

सही करा, पण छापील कोऱ्या संमतीपत्रावर नको. "काय होते, नंतर काढून टाकू" असंही धरू नका. तुमच्या परवानगीवर समोरच्यानं स्वतःच्या खर्चानं पक्कं काम केलं, की भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६० नुसार ती परवानगी सहसा मागे घेता येत नाही.

त्यामुळं करारात जागा नेमकी लिहा: गट क्रमांक, कोणत्या धुऱ्यालगत, पट्टा किती फूट रुंद, चेंबर कुठं. शक्यतो धुऱ्यानंच न्यायला लावा. खोली लिहायला विसरू नका, नांगर पाइपाला लागता कामा नये. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोड तिथंच सुटतात. म्हणून गळती कोण दुरुस्त करणार, उभ्या कपाशीत जेसीबी घातला तर भरपाई कोण देणार, हेही त्यातच घ्या.

फक्त पाइपापुरता हक्क द्या, जमिनीची मालकी तुमचीच राहते. कायमचा हक्क देत असाल तर नोटरीवर भागवू नका, दुय्यम निबंधकाकडं नोंदणी करा. मग सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नेमकं काय चढलं ते तलाठ्याकडं जाऊन बघा.