हॉटेलातल्या जळक्या तेलाचं बायोडिझेल घरच्या घरी करता येतं का?

करता येतं, पण तुम्ही त्या फंदात पडू नका. भावाच्या फरसाणाच्या दुकानात दर आठवड्याला जळकं तेल उरतं, त्यावर टेम्पो चालेल का, आणि हे ‘कचऱ्यातून इंधन’ प्रकरण खरं की नुसती जाहिरातबाजी, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका छोट्या प्लांटच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून लिहितोय.

रसायनशास्त्र सोपं आहे. तेल ६० अंशांच्या आसपास तापवायचं, त्यात कॉस्टिक सोडा विरघळवलेलं मिथेनॉल घालून ढवळायचं. १०० किलो तेलात साधारण ११ किलो मिथेनॉल मुरतं आणि हाती जवळपास १०० किलो बायोडिझेल व १० किलो ग्लिसरीन येतं. निवांत ठेवलं की काळपट ग्लिसरीन तळाला बसतं, वर पिवळसर बायोडिझेल. व्हिडिओत एवढंच दाखवतात.

तेल आमच्या दारात येतं तेव्हाचं रूप कुणी दाखवत नाही. डब्यात बेसनाचा करपलेला चुरा असतो, कढई विसळलेलं पाणीही त्यातच ओतलेलं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात सुटी फॅटी आम्लं वाढतात. म्हणून प्रत्येक लॉटचं पहिलं काम टायट्रेशन, म्हणजे आम्ल किती ते मोजणं: अल्कोहोलमध्ये थोडं तेल, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि वरून कॉस्टिकचं द्रावण थेंबथेंब. गुलाबी रंग टिकला की थांबायचं. आम्ल दोन-तीन टक्क्यांच्या वर निघालं तर तसंच पुढे जाता येत नाही. कॉस्टिकचा त्या आम्लाशी साबण होतो, सगळा माल फाटलेल्या दुधासारखा दिसतो आणि थर वेगळे व्हायचं नाव घेत नाहीत. मग आधी सल्फ्युरिक आम्लाची वेगळी प्रक्रिया, नंतर धुणं, वाळवणं, उरलेलं मिथेनॉल काढणं. यातलं एक जरी चुकलं तरी टेम्पोचा फिल्टर चोंदतो किंवा रबरी सील जातात. आयएस १५६०७ हे बायोडिझेलचं मानक उगाच केलेलं नाही.

आणि मिथेनॉल! २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच रसायनाने. त्याची वाफ पटकन पेट घेते. घराच्या गच्चीवर हा उद्योग नकोच.

जाहिरातबाजीचं म्हणाल, तर प्लांट खरे आहेत, रडगाणं तेल मिळण्याचं आहे. मोठ्या हॉटेलातलं जळकं तेल स्वस्तात गाडीवाल्याकडे जातं आणि पुन्हा कढईत पडतं. तो आमच्यापेक्षा दोन रुपये जास्त देतो, कारण त्याच्या लेखी ते अजून खायचं तेल आहे. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये नियम लागू केला की तेलातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ (तेल तापून खराब होताना तयार होणारी संयुगं) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही, आणि त्याच वर्षी ‘रुको’ नावाने असं तेल बायोडिझेलकडे वळवायची योजनाही काढली. पण गल्लोगल्ली फिरून डबे गोळा करायला जो डिझेलचा आणि माणसांचा खर्च येतो, तो कुठल्याच योजनेत दिसत नाही. २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे. आज आपण एका टक्क्याच्याही आत आहोत. त्याआधी बायोडिझेलसाठीच जट्रोफा या तेलबियांच्या झुडपाचा गाजावाजा झाला होता, त्याचं काय झालं ते ज्यांनी माळरानावर लावला त्या शेतकऱ्यांना विचारा.

याउलट आपले साखर कारखाने बघा. बगॅस (उसाचं चिपाड) बॉयलरमध्ये जाळून वीज, मळीपासून इथेनॉल, प्रेसमडचं (रस गाळून उरलेल्या गाळाचं) खत किंवा बायोगॅस. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, पूर्वी ओढ्यात सोडायचे, गावंच्या गावं वासाने हैराण असायची. एक लिटर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर स्पेंटवॉश निघतो, थोडाथोडका नाही. आता बरेच कारखाने तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात, आणि राखेतलं पोटॅश खतात जातं. हे जमतं, कारण सगळा ‘कचरा’ एकाच गेटच्या आत तयार होतो. कुणाच्या दारी डबा मागायला जावं लागत नाही.

तेव्हा भावाला सांगा: तेल गार झालं की गाळून झाकणाच्या डब्यात भरायचं, पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, आणि एफएसएसएआयच्या यादीतल्या अधिकृत संकलकालाच द्यायचं. पावती घ्यायची. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला लागत असेल, तर नोंदवही ठेवणं त्याला तसंही बंधनकारक आहे. टेम्पोत मात्र पंपावरचं डिझेलच टाका.