बालेरचा वेढा

प्रश्न : माझे यजमान मालवाहू जहाजावर आहेत. त्यांचा फिलिपिनो सहकारी सांगतो, की त्याच्या बालेर गावात स्पॅनिश शिपाई युद्ध संपल्यावरही लढत राहिले. खरं का हे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अगदी खरं! बालेर फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, आणि फिलिपिन्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. पुढ्यात पॅसिफिक, पाठीशी सिएरा माद्रेचा डोंगर. मनिलाची बातमी इथं पोहोचायची ती डोंगर ओलांडून किंवा बोटीनं, म्हणजे उशिराच.

जुलै १८९८ च्या सुरुवातीला पन्नासेक स्पॅनिश शिपाई गावातल्या दगडी चर्चमध्ये शिरले आणि फिलिपिनो क्रांतिकारकांनी वेढा घातला. त्या डिसेंबरात, अमेरिकेशी युद्ध हरल्यावर, पॅरिसच्या तहानं स्पेननं सगळा फिलिपिन्सच अमेरिकेला दिला, २ कोटी डॉलर घेऊन. हे चर्चमध्ये कोणाला पटेना. वर्तमानपत्रं पाठवली, तर म्हणे ती शत्रूनं छापलेली! आत शत्रूपेक्षा बेरीबेरीनंच, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या आजारानंच, जास्त माणसं मेली. शेवटी त्यांचा प्रमुख लेफ्टनंट मार्तिन सेरेझो याला एका अंकात आपल्या मित्राच्या बदलीची बारीकशी बातमी दिसली. ती बनावट असणं शक्यच नव्हतं. २ जून १८९९ ला, ३३७ दिवसांनी, ते बाहेर आले. क्रांतिकारकांचा नेता आग्विनाल्दो यानं त्यांना कैदी न मानता मित्र म्हणून सोडलं. मला तर हा हुकूम वेढ्याहून मोठा वाटतो. त्याची तारीख, ३० जून, आता तिथं फिलिपिनो-स्पॅनिश मैत्री दिन आहे.

यजमानांना सांगा, त्या सहकाऱ्याला १७३५ च्या सागरी लाटेबद्दलही विचारा. तिनं जुनं बालेर धुऊन नेलं, म्हणून गाव आत सरकलं. राष्ट्राध्यक्ष मान्युएल केसोनही इथलेच, जन्म १८७८.